स्मृतिशिष्यवृत्तीसाठी लोगो करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात, फोंड्याला माझं डिझाइनचं काम चालतं. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करणारी कुटुंबं, एखाद्या शाळेचे माजी विद्यार्थी, कधी गावातली मित्रमंडळी लोगोसाठी येतात आणि प्रश्न बरेचदा तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. माझी सगळी उत्तरं एका गोष्टीवर उभी आहेत: हा लोगो ज्यांच्या हातात जाणार, त्या मुलांनी त्या माणसाला कधीही पाहिलेलं नसणार.

१. आम्ही वर्षाला चार-पाच मुलांनाच मदत करतो. लोगो लागतोच का?

पहिल्या वर्षी नाही लागत. संस्थेचं नाव दरवेळी त्याच वळणात, नीट छापलं तरी भागतं. कागद बाहेर फिरायला लागले की लोगोची गरज जाणवते. मुलगी तुमचं मंजुरीपत्र घेऊन कॉलेजच्या फी काउंटरवर जाते, शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जाते. तिथला माणूस त्या कागदाकडे क्षणभरच बघतो. दरवर्षी एकसारखी दिसणारी पत्रं त्याच्या ओळखीची होतात आणि "ही कुठली संस्था?" हे मुलीला समजावत बसावं लागत नाही. माझ्या मते लोगोचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. घाई मात्र करू नका. वर्षश्राद्धाच्या आत लोगो व्हायलाच हवा म्हणून उरकलेली दोन कामं मला पुढे मुळापासून नव्याने करावी लागली.

२. लोगो, बोधचिन्ह आणि शिक्का, हे एकच की वेगवेगळं?

लोगो आणि बोधचिन्ह हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. शिक्का म्हणजे त्याच लोगोचं रबरी रूप. नुसत्या अक्षरांचाही लोगो होतो, चित्र हवंच असं नाही.

३. डिझायनरकडे येताना काय घेऊन यायचं?

बहुतेक जण मानपत्रं, सत्काराचे फोटो आणि दोन पानी परिचय घेऊन येतात. ते आणाच, पण त्यातून लोगो क्वचित निघतो. मी विचारतो: त्यांच्या हातात नेहमी काय असायचं? घरी आल्यावर ते पहिलं काय करायचे? त्यांची आठवण तुम्हाला कुठल्या वेळी येते?

डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंच्या नावाने शिष्यवृत्ती निघणार होती. मुलगा पुरस्कारांबद्दल बोलत होता, सून बाईंच्या हस्ताक्षराबद्दल. कोपऱ्यात बसलेला एक माजी विद्यार्थी, आता बस चालवतो, तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "बाईंची छत्री." पावसात व्हाळाला पाणी चढलं की बाई साकवापाशी उभ्या राहायच्या आणि एकेका पोराला छत्रीखाली घेऊन पलीकडे सोडायच्या. छत्रीच्या वाकड्या मुठीला त्यांनी निळी दोरी गुंडाळली होती, शाळेतल्या काळ्या छत्र्यांत आपली पटकन सापडावी म्हणून. ती छत्री घरी अजून खुंटीला होती. लोगो तिथेच मिळाला: छत्रीची कमान, खाली मूठ, मुठीवर तीन आडव्या रेघा, आणि बाईंचं नाव. आता मुलं विचारतात, या तीन रेघा कसल्या? दर वर्षीच्या कार्यक्रमात कोणीतरी उठून ते सांगतं.

असा एक खरा तपशील आणा. त्यासोबत नोंदणीच्या कागदावरचं संस्थेचं पूर्ण नाव, शिष्यवृत्ती कोणाला मिळते ते, आणि लोगो कुठे कुठे लागणार त्याची यादी.

४. त्यांचा फोटो किंवा चेहराच लोगोत ठेवला तर?

ठेवता येतो, पण मी ठेवू नका असंच सांगतो. पूर्वी एका कुटुंबाच्या आग्रहावरून मी काकांचा चेहरा रेघांत काढून दिला होता. पत्राच्या वर तो चांगला दिसला. मग रबरी शिक्का करून आला. शाई लागली आणि चष्म्याच्या जागी दोन काळी भोकं उमटली. काकींनी तो कागद पाहिला आणि काही न बोलता पालथा घातला. चूक माझी होती, शिक्क्याच्या मापात चेहरा तपासून पाहायला हवा होता.

फोटोची जागा वेगळी आहे. कार्यक्रमाच्या व्यासपीठावर, माहितीपत्रकात, प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला दोन ओळींच्या परिचयाजवळ तो ठेवा. तिथे तो मोठा आणि स्पष्ट येतो. हक्कांचंही पाहा: पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचे हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचे असतात. वर्तमानपत्रात आलेला फोटो मात्र तुमचा नसतो, त्यासाठी परवानगी घ्या.

५. नावाआधी "कै." किंवा "स्व." लिहायचं का?

निमंत्रणपत्रिकेत लिहा, लोगोत नको. "कै." आला की तो शोकसंदेशाचा मजकूर वाटू लागतो, आणि लोगो तर वीस-तीस वर्षं वापरायचा आहे. शिवाय "कैलासवासी" हा एका श्रद्धेतून आलेला शब्द आहे. गोव्यात तुमचा अर्ज भरणाऱ्या मुलांत सगळ्या धर्मांची मुलं असतील. "स्मृती" हा शब्द नावात असला की जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. "डॉ.", "प्रा.", "ॲड." ही बिरुदंही शक्यतो गाळावीत. "मास्तर", "बाई", "भाई", "माई" अशी हाक सगळा गाव मारत असेल तर ती मात्र जरूर ठेवा.

६. "स्मृती" की "स्मृति"? "शिष्यवृत्ती" की "शिष्यवृत्ति"?

हा प्रश्न छापखान्यात फाइल गेल्यावर विचारला जातो, तो आधी विचारा. मराठीत हे शब्द सुटे लिहिले तर शेवट दीर्घ: स्मृती, शिष्यवृत्ती. समासात पहिलं पद म्हणून आले तर मूळ संस्कृतातला ऱ्हस्व कायम राहतो: स्मृतिदिन, स्मृतिशिष्यवृत्ती. म्हणजे "स्मृती प्रतिष्ठान" असं तोडून लिहिलं तर दीर्घ, "स्मृतिप्रतिष्ठान" असं जोडून लिहिलं तर ऱ्हस्व. नोंदणीच्या कागदात वेगळं लिहून गेलं असेल तर कायदेशीर पत्रांच्या तळाशी तेच नाव अक्षरशः तसंच छापा. लोगोत संस्थेचं पूर्ण नाव असलंच पाहिजे असं नाही, तिथे छोटं आणि शुद्ध रूप घेता येतं.

७. नाव देवनागरीत ठेवायचं की रोमी अक्षरांत?

दोन्ही, पण एकाच चौकटीत कोंबून नको. एक देवनागरी रूप आणि एक रोमी रूप असे दोन लोगो करून घ्या, चिन्ह दोन्हींत तेच. देवनागरीचा इथे एक फायदा आहे: मराठी आणि कोकणी वाचणारे दोघेही ती सहज वाचतात. बँकेला आणि गोव्याबाहेरच्या कॉलेजांना रोमी रूप लागतं.

रोमी स्पेलिंग घरच्यांकडून लिहून घ्या, आपल्या मनाने करू नका. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत "नाईक" हे आडनाव क्यू-यू-ई ने संपतं, "शेट" एक्सने सुरू होतं. काही घरांनी ते स्पेलिंग आजही जपलं आहे, काहींनी बदललं. एकाच घरात दोन भावांची दोन स्पेलिंगं असतात. ज्यांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे ते स्वतः सही कशी करायचे, ते ग्राह्य धरा.

८. देवनागरीसाठी कुठला फॉन्ट चांगला? फुकटचा चालेल?

चालेल, परवाना खुला असला की झालं. "मुक्ता", "बालू", "टिरो देवनागरी मराठी" हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, लोगोत वापरायला हरकत नाही. कोणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेला फॉन्ट वापरू नका, त्याचा परवाना कोणाकडे आहे हे कळायला मार्ग नसतो.

मराठी डोळ्याला खटकणारी एक गोष्ट सांगतो. अनेक देवनागरी फॉन्ट हिंदीच्या वळणाने काढलेले असतात, त्यात ल आणि श वेगळे दिसतात. नावात "लक्ष्मण" किंवा "शांता" असेल तर हे लगेच जाणवतं. "टिरो"ची मराठी आवृत्ती त्यासाठीच वेगळी आहे. जोडाक्षरंही फोडून आली नाहीत ना, ते पाहा. मोठ्या नावाजलेल्या संस्थांच्या फलकांवर मी तुटलेला "ज्ञ" पाहिला आहे. जमत असेल तर नाव हाताने लिहून घ्या. अक्षर चांगलं असलेल्या माणसाची स्वतःची सही उपलब्ध असेल तर त्याहून उत्तम काही नाही.

९. दिवा, पुस्तक, पदवीची टोपी सोडून काय घेता येईल? काही "गोव्याचं" हवं आहे.

समईवर हात ठेवण्याआधी एवढं लक्षात घ्या की गोवा राज्याच्या बोधचिन्हात वृक्षदीप आहे. दोन हातांच्या वर तेवणारा दिवा काढलात तर तुमचं पत्र सरकारी वाटेल. हा गोंधळ कोणालाच नको.

गोव्याचं म्हणून मला कावी चित्रकला फार जवळची वाटते. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. जुन्या देवळांच्या भिंतींवर ही फुलं, वेली, नक्ष्या दिसतात. सगळा खेळ दोनच रंगांचा, छाया नाहीत, बारीक छटा नाहीत. लोगोला जे लागतं तेच तिथे आधीपासून आहे. देवळापुढची दीपमाळही चांगली आकृती देते: खालून वर निमुळती होत जाणारी, मजल्यामजल्याने चढणारी. जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या म्हणजे लाकडी चौकटीत बसवलेले पातळ, अर्धपारदर्शक चौकोन. त्यातून आत येणारा उजेड मऊ असतो, आणि शिक्षणासाठी ते चित्र मला पुस्तकापेक्षा बोलकं वाटतं.

पण हे सगळं त्या माणसाच्या आयुष्यात होतं का, ते आधी बघा. ज्या माणसाने सारी हयात मुरगावच्या बंदरात काम केलं त्याच्या नावाला कावीची वेल चिकटवू नका.

१०. कायद्याने काय वापरता येत नाही?

अशोकचक्र, राष्ट्रध्वज, राष्ट्रीय आणि राज्याची बोधचिन्हं यांच्या वाटेला जाऊ नका. १९५० चा बोधचिन्हं व नावांविषयीचा कायदा आणि २००५ चा राष्ट्रीय बोधचिन्हाविषयीचा कायदा यांवर लागू आहेत. १९५० च्या कायद्याच्या यादीत महात्मा गांधी आणि छत्रपती शिवाजी महाराज यांची नावं व चित्रंही आहेत. डॉक्टरांच्या किंवा परिचारिकांच्या स्मरणार्थ काम असलं की हमखास लाल क्रॉस सुचवला जातो. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे जिनिव्हा करारांनी राखलेलं चिन्ह आहे आणि आपल्याकडे १९६० च्या कायद्याने त्याच्या वापरावर बंदी आहे. स्टेथोस्कोप काढा, नाडीवर टेकलेली बोटं काढा, क्रॉस नको.

११. रंग कोणते घ्यावेत?

आधी काळ्यात करून घ्या. काळ्या एका रंगात लोगो उभा राहिला तरच पुढे रंग भरा. दोनांपेक्षा जास्त रंग नकोत. फोनच्या पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट येतो, म्हणून छपाईचे आणि पडद्याचे रंगक्रमांक वेगवेगळे लिहून घ्या.

१२. लोगो चांगला झालाय की नाही, हे आम्ही कसं ओळखायचं?

तीन चाचण्या घरीच करा. एक, पंधरा मिलिमीटर रुंदीत छापून हातभर अंतरावरून वाचा. दोन, त्या कागदाची झेरॉक्स काढा, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. मुलं हेच करणार आहेत, त्यांच्या अर्जांना तुमच्या पत्राची मूळ प्रत क्वचितच लागते. तीन, व्हॉट्सॲपच्या डीपीत लावून बघा, गोलात कडेची अक्षरं कापली जातात का ते कळेल. शिक्क्याबद्दल प्रश्न ४ मध्ये लिहिलं आहे.

माझी चौथी चाचणी अशी: कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या एखाद्या बारावीच्या मुलाला लोगो दाखवा आणि दहा मिनिटांनी त्याला आठवेल तसा काढायला सांगा. तो जे काढेल, तेवढाच तुमचा लोगो. बाकीचं पुसून टाकलं तरी चालेल.

१३. डिझायनरकडून कोणत्या फाइली घ्यायच्या?

मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी (इलस्ट्रेटरची एआय किंवा एसव्हीजी), छपाईसाठी पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. प्रत्येकाचं रंगीत, काळं आणि पांढरं रूप, देवनागरी आणि रोमी दोन्ही. पीडीएफमध्ये अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे पक्क्या आकारांत, रूपांतर केलेलं असावं, नाहीतर दुसऱ्या छापखान्यात फॉन्ट बदलून येतो. नुसती जेपीईजी घेऊन काम संपवू नका. या फाइली एकाच्या फोनवर नव्हे, संस्थेच्या ईमेलवर ठेवा.

१४. लोगो भाच्याने प्रेमाने, फुकट करून दिलाय. तरी लिहून घ्यायला हवं?

हवं. हे मी फार आग्रहाने सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक ती करणारा असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं, पण भाचा तुमचा नोकर नाही. फोटोला जी सवलत मिळते (प्रश्न ४), ती लोगोला आपोआप मिळते असं धरून चालू नका. पैसे दिले म्हणून हक्क आले, असंही होत नाही.

हक्क लेखी आणि सही करूनच हस्तांतरित होतात. हस्तांतराच्या करारात एक बारकावा आहे तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: मुदत लिहिली नाही तर हस्तांतर फक्त पाच वर्षांचं मानलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. तेव्हा "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी" हे शब्द त्यात घाला. कॉपीराइट करणाऱ्याच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे ही गोष्ट तुमच्या नातवंडांपर्यंत जाते. भाच्याचं नाव माहितीपत्रकात छापा, त्याला प्रतिष्ठानचं पहिलं पत्र द्या, आणि सही घ्या. नाती चांगली असतानाच हे कागद सहज होतात.

१५. कॅन्व्हावर (तयार चित्रं जुळवायच्या ॲपवर) किंवा एआयवर (कृत्रिम बुद्धिमत्तेवर) केलेला लोगो चालेल?

कल्पना सुचायला चालेल. कॅन्व्हावरचं तयार चित्र हजारो लोक वापरू शकतात, त्यामुळे ते घातलेल्या लोगोचा ट्रेडमार्क घेता येत नाही. एआयने काढलेल्या चित्रांत देवनागरी अक्षरं अनेकदा चुकीची येतात आणि व्हेक्टर फाइल सहसा मिळत नाही. पण माझा मुख्य आक्षेप दुसराच आहे: बाईंच्या छत्रीवरची निळी दोरी त्या यंत्राला कोण सांगणार? तो तपशील माणसांत बसूनच मिळतो.

१६. विद्यार्थ्यांची लोगो स्पर्धा ठेवावी का?

मला स्पर्धा पटत नाही. पन्नास जण काम करतात, एकाला बक्षीस मिळतं आणि बाकीच्यांचे कष्ट वाया जातात. शिक्षणाला हात देणाऱ्या संस्थेने हे करू नये. त्यापेक्षा आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात किंवा तुमच्या ओळखीत उपयोजित कला शिकणारा एखादा विद्यार्थी शोधा, त्याच्याशी बोला आणि ठरलेले पैसे द्या. स्पर्धा ठेवलीच, तर न निवडलेल्या चित्रांचे हक्क मुलांकडेच राहतील असं नियमांत लिहा.

१७. ट्रेडमार्क नोंदवायचा का? कुठे?

लहान संस्थेला लगेच गरज नाही. देणग्या जाहीरपणे गोळा करणार असाल तर नोंदवा, म्हणजे त्याच नावाने कोणी खोट्या पावत्या फाडल्या तर कारवाई सोपी होते. अर्ज कामाच्या प्रकाराप्रमाणे ठरलेल्या वर्गात करायचा असतो: शिक्षणासाठी वर्ग ४१, धर्मादाय निधीसाठी वर्ग ३६. गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, पण भरता ऑनलाइन येतात. संस्थेसाठी ऑनलाइन शुल्क दर वर्गाला ९,००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातला "आर" छापू नका, तो गुन्हा आहे. "टीएम" छापलेलं चालतं.

स्मृतिसंस्थांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: ज्यांचं नाव आहे त्यांचं निधन अर्जाआधीच्या वीस वर्षांत झालं असेल, तर निबंधक त्यांच्या कायदेशीर वारसांची लेखी संमती मागू शकतो. माजी विद्यार्थ्यांनी संस्था काढली असेल तर घरच्यांची सही आधीच घेऊन ठेवा.

१८. आई-वडील दोघांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे. कोणाचं चिन्ह घ्यायचं?

दोघांची दोन चिन्हं शेजारीशेजारी नकोत. दोघांनी मिळून काय केलं ते शोधा: दुकान, बाग, एकत्र लावलेलं झाड. सापडलं नाही तर नुसत्या अक्षरांचा लोगो करा. आईचं नाव लहान टाइपात खाली टाकू नका, हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी खटकलं आहे. दोन्ही नावं एका मापात.

१९. आमचा मुलगा कॉलेजात असताना गेला. त्याच्यासाठी लोगो कसा असावा?

इथे मी प्रश्न ३ मधलं काहीच पहिल्या भेटीत विचारत नाही. मित्रांना आधी भेटतो. तरुण माणसाची खूण बहुधा त्याच्या वहीच्या मागच्या पानावर असते, बॅगेवर असते, क्रिकेटच्या बॅटवर असते. तुटलेली ज्योत, उडून जाणारा पक्षी, अर्धवट पान असली चित्रं टाळा. शिष्यवृत्ती घेणारी मुलं त्याच्याच वयाची असतात, त्यांच्या हातात मृत्यूचं चित्र देऊ नये. आणि आई-वडिलांना शक्य होईल तेव्हाच हे काम करा. तोवर साध्या अक्षरांत छापलेलं त्याचं नाव पुरेसं आहे.

२०. घरात एकमत होत नाही. सात जणांची सात मतं आहेत.

मतं सगळ्यांची घ्या, निर्णय दोघांनीच घ्या, आणि ते दोघे कोण हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. दोनांपेक्षा जास्त पर्याय मागू नका. सहा पर्याय मांडले की घर एकाचे डोळे आणि दुसऱ्याचे कान जोडायला लागतं.

२१. देणगीदार कंपनीला तिचा लोगो आमच्या लोगोत हवा आहे.

लोगोत नाही. पत्राच्या तळाशी "यांच्या साहाय्याने" असं लिहून त्यांचा लोगो वेगळा छापा, मध्ये मोकळी जागा सोडून. देणगीदार बदलू शकतात, नाव बदलणार नाही. हे त्यांना पहिल्या बैठकीतच सांगा, बहुतेक जण समजून घेतात.

२२. पंधरा वर्षांपूर्वीचा लोगो फारच जुनाट दिसतो. बदलला तर आधीच्या प्रमाणपत्रांचं काय?

जुनी प्रमाणपत्रं वैधच राहतात. लोगो बदलला म्हणून संस्था बदलत नाही, नोंदणी क्रमांक तोच असतो. तरी बदल करायचा तर आधी बघा, काय बिघडलंय: चिन्ह की नुसता फॉन्ट? बऱ्याचदा चिन्ह स्वच्छ करून अक्षरं नव्याने लिहिली की पुरतं. पूर्ण बदललात तर एका शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच बदला, मध्येच नको. ट्रेडमार्क घेतला असेल तर नव्या रूपासाठी नवा अर्ज लागू शकतो (प्रश्न १७). आणि जुन्या लोगोचा एक छापील नमुना, वापराच्या तारखांसह, संस्थेच्या वहीत चिकटवून ठेवा. दहा वर्षांनी कोणी जुनं पत्र घेऊन पडताळणीला आलं, तर कार्यालयातल्या नव्या माणसाला ते पान उघडून ताडून बघता येईल.